मालक जिता आहे का?

उरकुडे गुरुजी स्टाफरूममध्ये शिरताना आधी त्यांचं नाक शिरायचं, मग बाकीचे गुरुजी. दारात उभे राहून दोनदा हुंगायचे आणि कुणाच्या डब्यातली भाजी कालची आहे, खडूच्या पेटीमागे पाल मेली आहे की उंदीर, हे एका दमात सांगून मोकळे व्हायचे. त्यांचा अंदाज चुकला असं मला आठवत नाही. सांगून झालं की बाहेर जाऊन थुंकायचे आणि परत येऊन म्हणायचे, "छी. किळस येते, मास्तर."

मला ते मास्तर म्हणत, मी त्यांना गुरुजी. एकाच शाळेत एकाच पगारावर दोघं, तरी का कोण जाणे. सत्तरच्या दशकात मी भंडाऱ्याच्या त्या शाळेत लागलो तेव्हा ते गणित शिकवत. राहायला नदीपलीकडे कारध्याला. रोज जुन्या पुलावरून चालत यायचे, हातात पितळेचा लोटा. शाळेच्या माठाला त्यांनी कधी हात लावला नाही. चहासुद्धा लोट्यातच ओतून घ्यायचे.

मला सोवळ्याओवळ्याची भयंकर चीड आहे. माणसाला माणसाचा विटाळ होतो म्हणणाऱ्याला मी दारात उभा करत नाही. पहिलं वर्षभर मी या गृहस्थाशी तुटक वागलो ते त्यामुळेच. मग एकदा आमच्या शाळेच्या शिपायाकडे, ज्याच्या घरी गावातले निम्मे लोक पाणी पीत नसत, बारसं होतं. गुरुजी तिथं मांडी घालून जेवत बसलेले दिसले. वरणाचा भुरका मारत होते, वर आणखी भात मागत होते. मी चाटच पडलो. माणसाची त्यांना किळस नव्हतीच. त्यांना किळस होती ती वस्तूंची, त्यातही वापरलेल्या वस्तूंची.

आमचे जुने हेडमास्तर नोकरीत असतानाच वारले. त्यांची हातांची खुर्ची, ऐटदार, वेताची, ज्येष्ठतेनं उरकुडे गुरुजींकडे आली. गुरुजींनी त्या वर्षी सगळे तास उभ्यानं घेतले. पाय सुजले, पण बसले नाहीत. नव्या हेडमास्तरांनी विचारलं, तर म्हणाले, "खुर्ची चांगली आहे, सर. पर साहेब त्या खुर्चीवरून अजून उठले नाहीत." नवे हेडमास्तर वाण्यासारखे हिशेबी. त्यांनी ती खुर्ची स्वतःकडे नेली आणि पुढं वर्षभर चोरून मागे बघत बसायचे.

सायकलीची गंमत तर अख्ख्या शाळेला पाठ होती. पायी येऊन जाऊन गुरुजींचे गुडघे दुखायला लागले म्हणून मी त्यांना तुमसरला घेऊन गेलो. तिथल्या एका राईस मिलच्या मुनीमजींना सायकल विकायची होती. सायकल मिलच्या दारातच उभी होती, कोंड्याची धूळ बसलेली, पण ठणठणीत. गुरुजींनी घंटी वाजवली, ब्रेक दाबला, सीट हुंगली. मग विचारलं, "मालक जिता आहे का?"

मुनीमजी म्हणाले, "मीच तं मालक. तुमच्या समोर उभा आहो."

"ते दिसूनच राहिलं. पर तुमच्या आधीचा?"

मुनीमजींनी ती सायकल आपल्या साळ्याकडून, म्हणजे बायकोच्या भावाकडून, घेतली होती आणि साळा मागच्याच उन्हाळ्यात गेला होता. झालं. गुरुजींनी हात धोतराला पुसले आणि स्टेशनकडे चालू लागले. मुनीमजी मागून ओरडत राहिले, किंमत उतरवत राहिले. गाडीत मी भडकून म्हणालो, "गुरुजी, हा काय वेडेपणा? सायकल काय भुताची आहे?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सायकलीचं काही नाही, मास्तर. तो साळा अजून सीटवर बसला असन, त्याले मी कुठी उतरवू?"

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदा पुलाच्या कठड्याला टेकून सांगितलं. खाली कारध्याचा घाट दिसत होता. भंडाऱ्याकडची कितीतरी मयतं तिथंच यायची. प्रेत जळालं की मेलेल्याच्या अंगावरचे कपडे, अंथरूण, पांघरूण काठाला सोडून लोक आंघोळ करून जायचे. पाणी आलं की ते सगळं वैनगंगेत जायचं. गुरुजी लहान असताना एका थंडीत त्यांनी तिथली एक नवीकोरी दुलई उचलून घरी आणली. घरात दोन भाऊ आणि एकच फाटकी वाकळ. बापानं दुलई बघितली. पोराला हाताला धरून घाटावर नेलं आणि ती दुलई त्याच्याच हातानं पाण्यात सोडायला लावली.

"बाप म्हने, आंगावरचं जोवर गंगेत जात नाही तोवर मानूस जात नाही. घराच्या आसपास घुटमयते. तू त्याची वाट अडवली."

गणिताचा शिक्षक हे सांगत होता आणि मला हसू येत होतं. पण हसायची सोय नव्हती, कारण त्यांनी लगेच गणूचं सांगितलं.

गणू त्यांचा धाकटा भाऊ, त्याच वाकळीतला. दहावी नापास झाला, पळून जाऊन पलटणीत भरती झाला आणि एकाहत्तरच्या लढाईत गेला. प्रेत घरी आलं नाही. तिकडंच अग्नी दिला असं कळवलं. मागाहून एक पत्र्याची पेटी आली. त्यात इस्त्री केलेला एक सदरा, एक पँट, आरसा, दाढीचं सामान. घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला कारध्याच्या घाटावर अग्नी दिला आणि पेटीतला तो सदरा गणूच्या अंगावरचा म्हणून नदीत सोडला. सगळं रीतसर झालं.

फक्त माय मानायला तयार नव्हती. सदरा नदीत जाण्याआधी तिनं तो नाकाला लावला होता. "हा पोराच्या आंगावरचा नाही," ती म्हणाली. "याले घामाचा वासच नाही. त्याच्या आंगावरचं कुठी गेलं?"

हा प्रश्न तिनं नंतर कुणाला विचारला नाही? सुट्टीवर आलेला कुणी जवान पुलावरून जाताना दिसला की ती काठी टेकत आडवी जायची. तलाठ्याला विचारायची, मला विचारायची. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा पाणी पुढं ठेवत म्हणाली, "तुमी शिकलेले हा. मेलेल्या शिपायाच्या आंगावरचे कपडे कुठी नेतेत?" मी सांगितलं, "जाळतात, माय." ती म्हणाली, "तुमी पाह्यलं का?" गणू अजून कुठंतरी अडकून पडलाय, उघडा, वाट सापडत नाही त्याला, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. आणि गुरुजी, जे जगाला मालक जिता आहे का म्हणून विचारत सुटायचे, ते मायपुढं मात्र मान खाली घालून बसायचे.

ऐंशी साल उलटून गेल्यावर एका हिवाळ्यात गणूच्या पलटणीचं बोलावणं आलं. पलटणीचं मोठं ठाणं उत्तरेकडच्या एका शहरात, राजेरजवाड्यांच्या जुन्या किल्ल्यात. त्या किल्ल्यात पलटणीचं संग्रहालय होतं आणि त्याचं नवं दालन उघडायचं होतं. लढाईत गेलेल्यांच्या घरच्यांचा सत्कार होता. मायला एवढा प्रवास झेपणार नव्हता. गुरुजींना रेल्वेतलं पाणी झेपणार नव्हतं. म्हणून लोटा धरायला मी.

निघताना माय एवढंच म्हणाली, "तेथी कोनाले तरी ठाव असन. इचारून ये बाबू."

किल्ला दिसायला झकास होता, मी नाही म्हणत नाही. खंदक, दगडी दरवाजा, दारात काळ्या रंगानं चकचकीत केलेली तोफ, वाटेच्या दोन्ही अंगांना चुना फासलेले दगड. झाडाचं एक पान खाली पडलेलं नव्हतं. इतकी स्वच्छता बघून गुरुजी खूश होतील असं मला वाटलं होतं. ते दारातच थांबले, दोनदा हुंगले आणि म्हणाले, "फिनाइलचा वास येऊन राहिला. कायचा तरी वास दाबला आहे यायनं."

आत तलवारी होत्या, बंदुका होत्या, कुठल्याशा गोऱ्या साहेबांनी मारलेल्या वाघांची मुंडकी होती, चांदीचे पेले होते. तिथवर ठीक. पुढच्या कपाटात शत्रूच्या मेलेल्या शिपायांकडून काढून आणलेल्या वस्तू मांडल्या होत्या. केस अडकलेली फणी. टाच झिजलेला एकच बूट. एक अॅल्युमिनियमची थाळी, तिच्यावर खिळ्यानं नाव कोरलेलं. कुणाच्या तरी पोराची फणी ती. गुरुजींनी बुटाकडे बोट दाखवून माहिती सांगणाऱ्या हवालदाराला त्यांच्या हिंदीत विचारलं, "इसका मालिक जिंदा है क्या?"

हवालदार हसला. "मरा तभी तो जूता यहाँ है, मास्टरजी."

मागचे पाहुणे खो खो हसले. हसणाऱ्यांत अधिकाऱ्यांच्या बायका होत्या, शहरातले व्यापारी होते, आणि सगळ्यांच्या हातात बशा होत्या. कारण चहाफराळाची टेबलं त्याच दालनात मांडली होती. भजी, केक, बिस्किटं. लोक भजं चटणीत बुडवत होते आणि मेलेल्याची फणी बघत होते. एवढी घाण मी आयुष्यात बघितली नव्हती, आणि मी तुमसरच्या धान्यबाजारात पावसाळे काढलेले आहेत.

मग एका तरुण कॅप्टननं भाषण केलं. सभ्य मुलगा होता, अगदी मनापासून बोलत होता, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. तो दुष्ट असता तर शिव्या घालून मोकळं तरी होता आलं असतं. शहीद गणपत उरकुडेंच्या मोठ्या भावाच्या हस्ते नव्या दालनाचं उद्घाटन होईल, असं तो म्हणाला. भिंतीजवळ काहीतरी मखमली पडद्यानं झाकलेलं होतं. गुरुजींच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि पडद्याची दोरी दिली. आत काय आहे हे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. हा सुखद धक्का म्हणे.

गुरुजींनी दोरी ओढली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

काचेच्या पेटीत हिरवा सदरा टांगला होता. पुढून कातरीनं उभा कापलेला. छातीच्या खाली ताटलीएवढा काळा डाग, वाळून कडक झालेला. वर छोटा दिवा बसवला होता, डागावरच उजेड पडेल असा. खाली पितळी पाटीवर गणूचं नाव. हवालदारानं काठी उचलली आणि गोळी इथून शिरली, इथून निघाली, असं काचेवर टकटक करत दाखवायला सुरुवात केली.

एक बाई बशी घेऊन पुढं झाल्या. तोंडातलं गिळत म्हणाल्या, "ये असली खून है?"

"बिलकुल असली, मॅडम."

मी त्या बाईला काहीतरी बोललो, काय ते आता आठवत नाही, पण ती बशी टाकून मागे सरली. गुरुजींचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ते काचेजवळ गेले. ज्या माणसानं दुसऱ्याची सायकल हुंगून नाकारली, मेलेल्याच्या खुर्चीला बूड टेकवलं नाही, त्यानं त्या काचेवर दोन्ही तळवे ठेवले आणि नाक लावलं. बराच वेळ तसेच उभे होते. मग माझ्याकडं वळून लहान पोरासारखं म्हणाले, "वास येत नाही, मास्तर. काच मंधात आहे."

कॅप्टनला वाटलं, गुरुजी भारावून गेलेत. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गुरुजी म्हणाले, "साब, ये मेरे को दे दो. मैं ले जाता. गंगा में छोड़ना पड़ता."

कॅप्टनला कळेना. मी त्याला समजावून सांगितलं: आमच्याकडे अंगावरचं नदीत सोडल्याशिवाय माणूस सुटत नाही, म्हातारी अजून विचारते आहे. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, सदरा आता पलटणीचा आहे, वरच्या हुकुमाशिवाय त्याला हात लावता येत नाही. नवा भरती झालेला प्रत्येक पोरगा इथं आणतात, हा सदरा दाखवतात, तेव्हा कुठं त्याच्या अंगात जवान शिरतो. शेवटी गुरुजींचे हात हातात घेऊन म्हणाला, "आपका भाई यहाँ अमर है, गुरुजी."

"अमर नहीं होना उसको, साब," गुरुजी म्हणाले. "उसको जाने दो."

त्यांनी हात जोडले. भर दालनात, सगळ्यांसमोर, त्या पोराएवढ्या कॅप्टनपुढं. कुणीतरी तेवढ्यात फोटो काढला. फोटोत तो सत्कारासारखा दिसला असेल. कॅप्टनचे डोळे भरून आले होते, पण पेटीची चावी काही त्यानं काढली नाही. मागं परत कपबशा वाजायला लागल्या. मला तिथं उभं राहवेना. मी गुरुजींचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं. शाल आणि नारळ त्यांनी दारातल्या तोफेवर ठेवले.

परतीच्या गाडीत त्यांनी काही खाल्लं नाही. लोटा रिकामाच होता, भरून घेतला नाही. शेजारचा प्रवासी शिळी पुरी उघडून बसला, तिचा वास माझ्यासुद्धा नाकात गेला, गुरुजींनी मान वळवली नाही. एकदाच बोलले. "मायले सांगाचं नाही, मास्तर. तिचा पोरगा कपाटात लटकून आहे अन् लोक भजे खाऊन राहिले, हे तिले कायले सांगाचं? तेथी बंदुका होत्या, तोफा होत्या. बस."

मी हो म्हणालो.

वरठी स्टेशनवर सकाळी उतरलो, टेम्पोनं भंडाऱ्यात आलो आणि पुलावर चढलो. धुकं होतं, नदीवरून बोचरा वारा सुटला होता. पूल ओलांडला तसे गुरुजी घराची वाट सोडून घाटाकडं उतरले. मी हाक मारली, ते थांबले नाहीत. चपला काठावर काढल्या आणि धोतर-सदऱ्यासकट छातीभर पाण्यात गेले. डुबकी मारली, परत मारली. मला वाटलं, त्या दालनाची घाण धुताहेत. मलाही धुवावीशी वाटत होती, पण त्या थंडीत माझी छाती झाली नाही. बाहेर आले ते कुडकुडत, आणि तसेच निथळत घराकडं निघाले. मी दोघांच्या पिशव्या घेऊन मागं.

माय अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. पायांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"आला का बाबू? पाह्यलं तेथीचं?"

"पाह्यलं, माय. बंदुका होत्या. तोफा होत्या. मोठा किल्ला आहे."

"इचारलं का कोनाले?"

"इचारलं. कोनालेच ठाव नाही."

गुरुजी मला खोटं बोलताना पहिल्यांदाच दिसले, आणि त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. माय त्यांच्या तोंडाकडं बघतच नव्हती. ती त्यांच्या धोतराकडं बघत होती. सारवलेल्या अंगणात पाणी टपटपत होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मंग आंघोय करून काहून आला? कोनाची माती करून आला?"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. थंडीनं की कशानं, त्यांचे दात वाजायला लागले.

"गनूची," ते म्हणाले.

आता ही हंबरडा फोडणार म्हणून मी पुढं झालो. तिनं हातानंच मला थांबवलं.

"सापडलं त्याच्या आंगावरचं?"

"सापडलं. पर देत नाहीत, माय. लोकाइले दाखवाले ठेवलं आहे."

"मेलेल्याचं झाकून ठेवाचं असते," ती म्हणाली. "दाखवते का कोनी? लाज नाही यायले." तिच्या तोंडावर अशी शिसारी उमटली की तसली मी गुरुजींच्याही तोंडावर कधी बघितली नव्हती. "फाटलं होतं का?"

"फाटलं होतं."

"लय?"

गुरुजींनी मान हलवली. माय काठी घेऊन उठली. दोरीवरचं कोरडं लुगडं ओढून खांद्यावर टाकलं. गुरुजी ओल्या पायानं उंबऱ्याकडं निघाले होते, त्यांना तिनं दंडाला धरून मागं ओढलं.

"थांब. अजून आत नोको जाऊ. मले बी आंघोय करा लागते."

दोघं परत घाटाच्या वाटेला लागले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, आणि मी मागं गेलोही नाही. अंगणात पिशव्यांपाशी उभा राहून मी बघत होतो; धुकं विरून खालचा घाट दिसायला लागला होता. चढउतारावर ती त्यांच्या खांद्यावर भार टाकत होती. पाण्याशी पोचल्यावर तिनं काठी काठावर ठेवली, आणि गुरुजींनी तिला लेकरासारखं दोन्ही हातांनी धरून आत नेलं.